मी कुठे होतो, त्याची चार वाक्यं

६ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंस,

अक्षर ओळखू आलं नसेल तर शेवटी सही बघ. तीही ओळखू येणार नाही म्हणा, कारण डाव्या हाताने लिहितोय. पायरी चुकली आणि उजवं मनगट जरा लचकलं, बाकी काही नाही. तुला कळवू नकोस असं तुझ्या आईला मीच बजावलंय, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस.

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय ते कामापुरतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला इंग्रजी शिकव. सगळं नको, ते मला ह्या जन्मी जमायचं नाही. 'मी कुठे आहे' आणि 'मी कुठे होतो' एवढंच बिनचूक सांगता यायला हवं. सत्तावीस मार्चला कामावर एक छोटीशी परीक्षा आहे. तोंडी.

आमच्याकडे दोन वर्षांपासून नवा नियम आहे. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वर-खाली करते त्या शाफ्टमध्ये शिरायच्या आधी प्रत्येक मेकॅनिकने कंट्रोलला फोन करायचा आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगायचं. वर मशीनरूममध्ये, डब्याच्या टपावर, की तळाच्या खड्ड्यात, ज्याला आम्ही पिट म्हणतो. कंट्रोलवाला तिथे बसून लिफ्ट बंद करून ठेवतो. काम झालं की ज्याने त्याने पुन्हा स्वतः फोन करून 'मी बाहेर आलो' म्हणायचं, मग लिफ्ट सुरू. नियम चांगला आहे. अडचण एवढीच की कंट्रोल बसलंय परमुलखात आणि त्यांना इंग्रजीशिवाय काही कळत नाही.

मला तिन्ही शब्द पाठ आहेत. इन, ऑन, ऍट. कुठे कुठला लावायचा ते कळत नाही. लांब्या सांगायचा मला, पण तो सध्या कामावर येत नाही. लांब्या म्हणजे माझा जोडीदार, आपल्या दारातून वाकून आत यायचा तो.

खाली बारा वाक्यं लिहिली आहेत. तपास. फोन नको करूस, फोनवर माझं काही धड होत नाही.

बाबा


१७ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंस,

पत्र पोचलं. म्हणजे माझंच पत्र परत आलं, लाल शाईत न्हाऊन. बारापैकी नऊ चुकली. मायना नाही, ख्यालीखुशाली नाही, सही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तू माझ्याकडूनच घेतलास.

पण शिकवलंस छान, ते कबूल करतो. 'घरात' आणि 'घरी' ह्यात फरक आहे ना, तसाच 'इन' आणि 'ऍट'मध्ये आहे, हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. घरात म्हणजे चार भिंतींच्या आत. घरी म्हणजे नकाशावर बोट ठेवलं की सापडणारा माणूस, मग तो अंगणात का असेना. छप्पन्न वर्षं मी हे दोन शब्द वापरतोय आणि कधी थांबून बघितलं नव्हतं.

बसचं मात्र पटलेलं नाही. बसमध्ये बसलेला माणूस 'ऑन' आणि मोटारीत बसलेला 'इन', हे कोणी ठरवलं? मग आमच्यासारखा खरोखर टपावर उभा राहणारा काय म्हणणार? तू लिहिलंस की 'ऑन टॉप ऑफ' म्हणा, म्हणजे वाद मिटला. बरं, मिटला. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही टपावर चढूच नका, म्हणजे तिन्ही शब्दांतून सुटाल."

पेन्सिलने तळाशी जे लिहिलंस तेही वाचलं. 'लचकलेल्या मनगटाने माणूस तीन पानं डाव्या हाताने लिहीत नाही.' मास्तरणीपुढे काही लपत नाही. मनगट मोडलंय. गळ्याखालचं हाडही मोडलंय, उजव्या बाजूचं. पायरी चुकली नव्हती. पिटमध्ये होतो आणि डबा खाली आला.

घाबरू नकोस. तळाला दोन जाड स्प्रिंगा असतात, त्यांच्यामुळे माणूस आडवा झोपला तर मावेल एवढी जागा उरते. मी झोपलो. खांदा आणि हात तेवढा आत घ्यायला उशीर झाला. सगळं बरं होतंय. तू दिलेला अभ्यास, स्वतःबद्दलची दहा वाक्यं, करायला घेतलाय.

बाबा


१ मार्च

मास्तरीणबाईंस,

अभ्यास जोडलाय. पहिली आठ वाक्यं घरातली आहेत. मी खुर्चीवर, आई स्वयंपाकघरात, औषधं फळीवर, डॉक्टर दवाखान्यात, वगैरे. ती तू पुसून काढशीलच.

नववं वाक्य आहे, 'आय वॉज ऍट द गेट.'

हे बरोबर आहे की नाही ते मला नक्की माहीत आहे, कारण तिथे मी दीड तास उभा होतो.

चार वर्षांपूर्वी ज्या दिवशी तुझ्या कॉलेजात तुझा सत्कार होता, त्या दिवशी मी तुला फोन करून सांगितलं की लिफ्टमध्ये माणसं अडकली आहेत, मला निघता येत नाही. पुढे महिनाभराने सुपरवायझरच्या बायकोकडून तुला कळलं की त्या दिवशी कुठेही कोणी अडकलं नव्हतं. मग तू आलीस आणि विचारलंस, "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का?" आणि मी गप्प बसलो. तू ते 'हो' धरलंस. कोणीही धरलं असतं.

मी आलो होतो, पोरी. कामावरून थेट, त्याच निळ्या कपड्यांत, पण हात दोनदा धुऊन. फाटकाशी टेबल टाकून दोन मुली बसल्या होत्या. त्यांनी हसून मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला एकच शब्द लागला, 'व्हेअर'. मी बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू, बहिऱ्याला विचारावं तसं. मागे चांगल्या कपड्यांतली माणसं उभी होती. मी 'चुकलो' असं पुटपुटलो आणि बाहेर पडलो. रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे जाऊन उभा राहिलो. नंतर पुन्हा फाटकाशी आलो, तिथून कर्ण्याचा आवाज येत होता. तुझं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या, त्या मी ऐकल्या. तू बोललीस तेही ऐकलं. कळलं नाही एक अक्षर, पण कुठेही अडखळली नाहीस एवढं कळलं.

लाज वाटली होती ती माझी मला. आणि ते तुला सांगण्यापेक्षा तुला दुखावणं सोपं गेलं. ह्याला माफी मागायची असते हे मला ठाऊक आहे, आणि मी मागतोय.

दहावं वाक्य राहिलं. पुढच्या वेळी पाठवतो.

बाबा


१२ मार्च

चि. मास्तरीणबाई,

ह्या वेळी तू मराठीत लिहिलंस. पाचच ओळी, पण त्यातली पहिली 'प्रिय बाबा' होती. तुझ्या आईने तो कागद फळीवर औषधांशेजारी ठेवलाय आणि दिवसातून चारदा तिथली धूळ पुसते. आज इतकंच सांगतो, जास्त लिहिलं तर मला पुढचं लिहिता येणार नाही.

तू विचारलंस की मेकॅनिकच्या परीक्षेला 'होतो, होती, होते' कशाला हवं, सगळा भूतकाळच कसा काय. बरोबर पकडलंस. सत्तावीसला परीक्षा नाही, चौकशी आहे. आणि माझी नाही, लांब्याची आहे. त्याला कामावरून काढायचं की नाही ते त्या दिवशी ठरणार. म्हणून तो घरी बसलाय.

झालं ते असं. नियम आल्यापासून कंट्रोलला मी एकदाही फोन केला नाही. दोघांचाही लांब्याच करायचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला गळ घातली होती की माझ्या वतीने तूच बोलत जा आणि हे कोणाला कळू देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुपरवायझरला माहीत होतं, पण त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. त्या दिवशी लांब्याने सांगितलं की दोघं मशीनरूममध्ये आहोत, आणि तेव्हा होतोही. मग मला वाटलं, पिटमध्ये पाणी साचलंय का बघून यावं. जागा बदलली की पुन्हा फोन करायचा असतो. लांब्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "दादा, आता तरी स्वतः बोला." हल्ली तो तसं म्हणायला लागला होता. म्हणून न सांगताच गेलो. पिटमध्ये एक लाल बटण असतं, ते दाबलं की लिफ्ट हलत नाही. तेही दाबलं नाही. दोन मिनिटांचं तर काम.

इकडे लांब्याचं काम आटोपलं. मी खाली चहाला गेलो असेन असं समजून त्याने फोन केला की दोघं बाहेर आहोत. लिफ्ट सुरू झाली आणि चौथ्या मजल्यावरचा डबा कोणीतरी तळमजल्यावर बोलावला.

मी इस्पितळात होतो तेव्हा सुपरवायझरने लांब्याचा जबाब घेतला. लांब्याने काय सांगावं? म्हणे, "दादांनी मला सांगितलं होतं पिटमध्ये जातो म्हणून. मीच विसरलो."

मी कालच त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची दोन पोरं दाराआडून माझ्या गळ्यातल्या झोळीकडे बघत होती. मी म्हटलं, "असं का सांगितलंस रे?"

"तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, दादा. दोन वर्षं तुम्ही फोन केला नाही हे कळलं तर घरी पाठवतील."

"आणि तुला पाठवतील त्याचं काय?"

"मला कुठेही काम मिळेल. हे काम तुम्हीच शिकवलंय."

त्याची बायको आतून म्हणाली, "मिळेल, मिळेल म्हणत सहा आठवडे झाले."

सुपरवायझरही येऊन गेला. म्हणाला, "तपासनीस बाई वरून येणार आहेत, इंग्रजीतच बोलतात. तुम्ही नुसती मान हलवा, मी सांगतो त्यांना काय ते." तो सगळं लांब्यावर ढकलणार हे मला कळतं. म्हणून मला दुभाष्या नको. मी स्वतः सांगणार आहे, आणि असं सांगणार आहे की त्यात कोणाला बोट घालायला जागा राहू नये. चार वाक्यं पुरतील. ती मी लिहिली आहेत. तीच दहाव्याच्या जागी धर आणि नीट करून पाठव.

बाबा


२४ मार्च

चि. पोरी,

वाक्यं मिळाली. तू लिहिलंस, 'बाबा, ह्याने तुमची नोकरी जाईल हे तुम्हाला माहीत आहे ना?' माहीत आहे. आई म्हणाली, "जाऊ दे. घरी बसून नळ दुरुस्त करा, तीन महिने गळतोय."

रोज सकाळी वीस वेळा म्हणतो. ती लाटणं घेऊन समोर बसते, ती तपासनीस. मी चुकलो की लाटणं ओट्यावर आपटते, चूक काय ते तिला कळत नसलं तरी. म्हणते, "तुमचा चेहराच सांगतो." परवा मी एकदाही चुकलो नाही तर तिला करमेना.

लांब्याने निरोप पाठवलाय की उगाच हात दाखवून अवलक्षण करू नका. मी उलट निरोप पाठवला की हात मोडलेलाच आहे.

मी बोलणार. ह्यात आता बदल नाही.

बाबा


२८ मार्च

चि. पोरी,

काल झालं.

कचेरीतली लांबट खोली, मधे टेबल. एका बाजूला तपासनीस बाई, साधारण आईच्या वयाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. शेजारी सुपरवायझर. समोर लांब्या आणि मी. सुपरवायझर सुरू करणार इतक्यात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आय विल स्पीक." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मग चारही वाक्यं म्हटली. आय वॉज इन द पिट. ही वॉज इन द मशीनरूम. द लिफ्ट वॉज ऍट द फोर्थ फ्लोअर. आय डिड नॉट टेल हिम. बाई लिहीत होत्या, चौथ्याला त्यांचं पेन थांबलं.

लांब्या ताडकन उठला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, तो भराभर बोलायला लागला. मला कळलं ते एवढंच की तो पुन्हा आपलंच घोडं दामटतोय. सुपरवायझरने कपाळाला हात लावून बाईंना खुणावलं की म्हाताऱ्याला मार लागलाय, डोकं ठिकाणावर नाही. त्या क्षणी मला वाटलं, संपलं, आता ह्या पोराचं घर बसणार आणि ते मी बसवलं. मी टेबलावर हात मारला, मोडलेलाच, आणि तू न शिकवलेलं बोललो. "ही इज टेलिंग लाय. फॉर मी."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. मग लांब्याला एकच प्रश्न विचारला. तो मलाही कळला, कारण दोन महिने मी दुसरं काही ऐकलेलंच नाही. ह्यांनी तुला सांगितलं, तेव्हा हे कुठे उभे होते?

लांब्याला खोटं बोलता येत नाही. एक पाठ केलेलं होतं तेवढं त्याने वापरून टाकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग खाली बसला.

बाईंनी कंट्रोलच्या नोंदी काढल्या. दोन वर्षांत माझा आवाज एकदाही नव्हता. त्या मला म्हणाल्या, 'व्हाय?' ह्याचं उत्तर आपण तयार केलं नव्हतं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी फाटकाशी बघत होते तसे. पण ह्या वेळी मला निघून जायचं नव्हतं. म्हटलं, "माय इंग्लिश. शेम." एवढंच आलं. बाई हळू म्हणाल्या की तुमचं इंग्रजी आज सगळ्यांना कळलं.

बाहेर आल्यावर लांब्या माझ्यापुढे भराभर चालायला लागला. जिन्यापर्यंत गेलो तेव्हा म्हणाला, "आठ आठवडे बायकोच्या शिव्या खाल्ल्या आणि तुम्ही चार वाक्यांत मला खोटारडा ठरवलंत." म्हटलं, "पाच." मग तो हसला आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिथेच थांबलो.

निकाल दोन आठवड्यांनी.

बाबा


२१ एप्रिल

चि. पोरी,

तू रविवारी येतेस हे वाचून आईने पडदे धुवायला काढलेत. मी स्थानकावर येणार आहे. नको म्हणू नकोस.

निकालाचं तुला आईने सांगितलंच. लांब्याला लेखी ताकीद देऊन परत घेतलं. माझा शाफ्टमध्ये शिरायचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला आणि मला सामानाच्या खोलीत बसवलंय. खिडकीतून हातमोजे, बॅटऱ्या, नट-बोल्ट द्यायचे. वर्षाने तोंडी परीक्षा आहे, ह्या वेळी खरीच. ती मी देणार, आणि निवृत्त व्हायच्या आधी निदान एकदा तरी स्वतः फोन करून शाफ्टमध्ये उतरणार. सुपरवायझरला लेखी खुलासा मागितलाय, तो हल्ली माझ्या खिडकीकडे येत नाही.

आज लांब्याचा पहिला दिवस. नवा जोडीदार दिलाय त्याला. नऊ वाजता खिडकीशी आला, वाकून आत पाहिलं आणि बॅटरी मागितली. मी दिली. तो निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. "दादा, मी पिटमध्ये आहे. साडेदहापर्यंत."

कंट्रोलला त्याने सांगितलेलं होतं. जोडीदाराला माहीत होतं. सामानाच्या खोलीला सांगायचा नियम नाही. मी नुसतं "बरं" म्हटलं.

मग काम सुचेना. एकाला मोजे द्यायचे ते दोन डाव्या हातांचे दिले. लाल बटण दाबलं असेल ना, नव्या जोडीदाराने पाहिलं असेल ना, हेच डोक्यात. साडेदहा झाले. दहा पस्तीस झाले. तो येईना. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी माझी आरोळी ऐकून तो अकरा मजले जिन्याने खाली धावत आला, तेव्हा वाटेत त्याचं काय झालं असेल. मी कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. प्रत्येक मजल्यावर दार ठोकत, मला हाका मारत आला होता तो. हे मला इस्पितळातल्या नर्सने सांगितलं होतं आणि मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं.

दहा चाळीसला तो आला. ढोपरापर्यंत ओला. बॅटरी खिडकीत ठेवून म्हणाला, "पाणी होतं, दादा. उपसून टाकलं."

मी बॅटरी उचलून फळीवर ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ ती पुसत राहिलो.

बाबा